छातीचा मुका मार आणि ‘नॉर्मल’ एक्स-रे

व्हॉट्सॲपवर सध्या एक सल्ला फिरतो आहे: छातीला मार लागला आणि एक्स-रेत बरगडी मोडलेली दिसली नाही, तर फुफ्फुस शाबूत आहे असे समजून घरी जावे, छाती पट्ट्याने आवळावी, आठवडाभर पडून राहावे आणि खबरदारी म्हणून अँटिबायोटिक घ्यावे. यातली एकही गोष्ट पाळण्याजोगी नाही.

बरगडी धड म्हणजे फुफ्फुस धड, हे गृहीतकच चुकीचे आहे. दुचाकीचे हँडल छातीवर आदळते तेव्हा लहान मुलाच्या लवचीक बरगड्या वाकून पुन्हा जागेवर येतात आणि वर कधी कधी साधे खरचटलेलेही नसते. आत मात्र बारीक रक्तवाहिन्या फुटून वायुकोशांत (फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत) रक्त आणि पाणी झिरपू लागते. हे झिरपणे पुढचे एक-दोन दिवस वाढत राहू शकते. म्हणूनच तासाभरात काढलेला एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि पांढुरका डाग बहुधा 6 तासांत, क्वचित 24 ते 48 तासांनी उमटतो. सीटी स्कॅनमध्ये तो लवकर सापडतो. मार जोराचा असल्यास डॉक्टर रुग्णाला ठेवून घेतात, त्याला बिल फुगवण्याचा डाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा रात्रीतून 97 वरून 90 वर घसरला, तर घरी तो पाहणार कोण?

पट्ट्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. आवळलेली छाती पुरती फुगत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. खरा उपचार नेमका उलट आहे: दुखणे इतके कमी करायचे की रुग्णाला खोल श्वास घेता यावा. त्यासाठी पॅरासिटामॉलपासून गरजेनुसार एपिड्युरलपर्यंतचे (पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून दिलेल्या बधिरतेच्या औषधापर्यंतचे) उपाय आहेत, जोडीला लागेल तसा ऑक्सिजन. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उठवून बसवतात, उशी छातीशी धरून खोकायला लावतात आणि स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणातले तीन चेंडू श्वासाने वर ओढायला सांगतात. व्हेंटिलेटर मोजक्यांनाच लागतो. सलाइन बेताने दिले जाते.

मुका मार म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे, त्यामुळे अँटिबायोटिक न्यूमोनिया झाल्यावरच. स्टिरॉइडचाही उपयोग नाही.

बहुतेकांचे फुफ्फुस आठवड्याभरात सावरते. तोवर घरी सोडलेल्या रुग्णाला धाप लागली, थुंकीत रक्त दिसले, ओठ निळसर पडले किंवा ताप चढला, तर जुना एक्स-रे नॉर्मल होता म्हणून थांबू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.