पॉवर बँक चेक-इन बॅगेत कोंबणाऱ्यांनो!

किती वेळा सांगायचं? पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही म्हणजे नाही! लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये निदान कुणी पाणी तरी ओतेल, खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार? मग स्कॅनरमध्ये सापडते, नावाचा पुकारा होतो, भर विमानतळावर बॅग उपसायची. वर "पण ही छोटीच आहे हो" हा वाद आहेच! अहो, हिशेब करा ना: एमएएच (पॉवर बँकेवर छापलेला क्षमतेचा आकडा) गुणिले ३.७ (आतल्या बॅटरीचे व्होल्ट), भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचची झाली ७४ वॉट-अवर, म्हणजे तिच्यात साठणारी ऊर्जा. १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या बॅगेत सहसा चालते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी, त्यापुढची घरीच ठेवा. आणि छापलेले आकडे पुसले गेले असतील, तर तपासणीवाला जप्तच करणार. त्याच्याशी हुज्जत कसली घालता?