पार्टिशन वाढवणं हे पाच मिनिटांचं काम नाही

उबंटू या लिनक्स सिस्टिमची जागा संपली की पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हे डिस्कचे भाग (पार्टिशन) लहान-मोठे करणारं साधन उघडा, सी ड्राइव्ह ओढून लहान करा आणि सुटलेली जागा उबंटूला जोडा. पाच मिनिटांचं काम, बॅकअप लागत नाही, विंडोजमध्ये आधी काही करावं लागत नाही. हा सल्ला हल्ली बिनदिक्कत पुढे पाठवला जातोय. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्या मुलांची वर्षभराची कामं यात बुडू शकतात, म्हणून हे लिहायला बसलो.

पाच मिनिटांचा दावा आधी घेतो, कारण खरा धोका तिथेच आहे. सी ड्राइव्ह लहान केला की मोकळी जागा निघते त्याच्या शेवटाला, म्हणजे डिस्कच्या नकाशात उबंटूच्या पार्टिशनच्या डावीकडे. उबंटूचं ईएक्सटी4 पद्धतीचं पार्टिशन उजवीकडे वाढवायला क्षणभर पुरतो, चालू सिस्टिमवरही ते जमतं. डावीकडे वाढवायचं तर पार्टिशनची सुरुवातच सरकवावी लागते, आणि मग आतला डेटा जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी लिहावा लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर 200 जीबीचं पार्टिशन असेल तर यात तासन्‌तास जातात. मध्येच लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. जीपार्टेड स्वतः याआधी इशारा देतं. लोक तो न वाचताच पुढे जातात. बॅकअप लागत नाही म्हणणाऱ्याला माझं एवढंच उत्तर आहे.

विंडोजमध्ये आधी काही करावं लागत नाही, हेही चूक. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप आहे. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं. अशा एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या पार्टिशनला, हात लावायला जीपार्टेड नकार देतं, आणि तो नकार योग्यच आहे. शिफ्ट दाबून शट डाउन करा, किंवा पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

विंडोजमधल्या पार्टिशन बदलण्याच्या साधनावर, डिस्क मॅनेजमेंटवर, लोक वैतागतात, ते मात्र मला पटतं. दीडशे जीबी रिकामे दिसत असताना ते जेमतेम काही जीबी सोडायला तयार होतं. पेज फाइल (रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी), हायबरनेशनची फाइल अशा जागच्या न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. बहुतेकदा जागा सुटते. विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करावं, लिनक्सचं पेनड्राइव्हवरून हलवावं, असं माझं ठाम मत आहे.

त्या फिरत्या सल्ल्यात बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाचा, उल्लेखच नाही. नव्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह बरेचदा आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. जीपार्टेड तो लहान करूच शकत नाही. माझ्या भाच्याने पेनड्राइव्ह चालावा म्हणून सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं, आणि नंतर विंडोज सुरू करताच निळा पडदा आला: 48 आकडी रिकव्हरी की टाका. परीक्षेला चार दिवस होते. संध्याकाळभर शोधाशोध केली. ती की सापडली ताईच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, कारण लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना तिचंच खातं टाकलं होतं. तुमची की कुठे आहे, ते पेनड्राइव्ह लावण्याआधी बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.