बाराही महिने एकच वेळापत्रक बागेला लावू नका

‘बाग वर्षभर हिरवीगार ठेवायचे सहा नियम’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे चार वेगवेगळ्या गटांतून आला. तुमच्याकडेही आला असेल. नियम असे: रोज सकाळी न चुकता पाणी घाला. कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्या. दर पंधरा दिवसांनी एप्सम मीठ घाला. अंड्याची टरफलं चुरून मातीत मिसळा. वाळलेलं पान दिसलं की उचलून कचऱ्यात टाका. दुपारी पाणी घालू नका, थेंबांची भिंगं होऊन पानं भाजतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘उन्हाळा असो की पावसाळा, हेच करा!’

वीस वर्षं पुण्यात गच्चीवर बाग करतेय. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे शेवटचं वाक्य, कारण बाकीचे बरेचसे नियम त्याच्यामुळेच घातक होतात.

आधी रोजच्या पाण्याचं बघू. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब इतका तापतो की लहान कुंड्यांना दोन वेळा पाणी द्यावं लागतं. थंडीत त्याच कुंडीला दोन-तीन दिवसांनी दिलं तरी चालतं. श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस झारीला हात लावायची गरज पडत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि बुरशी त्यांचा ताबा घेते. मग कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड माना टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, म्हणून आणखी पाणी.

हे मी गेल्या श्रावणात शेजारच्या काकूंकडे डोळ्यांनी पाहिलं. “अगं, रोज पाणी घालते तरी मोगरा माना टाकतोय बघ,” म्हणून त्यांनी बोलावलं. आम्ही दोघींनी कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढला. तळाशी चार बोटं खडी होती. तिच्या वरची माती काळी, लिबलिबीत, आणि वास तुंबलेल्या मोरीसारखा. मी एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मोगरा त्यांच्या आईच्या अंगणातल्या झाडाची फांदी लावून वाढवलेला होता.

त्या कुंडीत दुसरा नियमही पाळलेला होता, खडीचा. खडीने निचरा होतो हा समज फार जुना आहे, कितीतरी जाणती माणसंही तसं सांगतात. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पुरती भिजून तुडुंब होईपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे जो चिखल तळाशी झाला असता तो चार बोटं वर, थेट मुळांत येतो, आणि मुळांना जागाही तेवढीच कमी मिळते. भोकावर एक वाकडी खापरी पालथी ठेवली की पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच कंपोस्ट आणि भाताचं तूस मिसळा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. मृगाआधी प्रत्येक कुंडीच्या भोकात एकदा जाड तार घालून बघा, मुळांनी ते बुजलेलं असतं.

पाणी घालायचं की नाही हे बोट सांगतं. मातीत दोन पेरं बोट खुपसा. आत ओल लागली तर झारी खाली ठेवा.

आता एप्सम मीठ. हे मॅग्नेशियम सल्फेट. झाडाला मॅग्नेशियम कमी पडत असेल तर त्याचा उपयोग होतो, नसेल तर होत नाही. आपल्या घाटावरची काळी माती बेसाल्ट खडकाची, तिच्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुधा भरपूर असतं. त्यात आणखी मॅग्नेशियम ओतलं की ते कॅल्शियम आणि पोटॅशच्या वाटेत येतं. कुंडीत बोअरचं पाणी जात असेल तर मातीवर आणि कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर आधीच धरलेला असतो. त्यावर हे आणखी एक मीठ.

लोक हे मीठ घालतात ते पानं पिवळी पडली म्हणून. पण कुठली पानं? खालची, जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. जास्वंदीची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ते लोहाचं दुखणं आहे. विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. तिथे भरपूर कंपोस्ट, शक्य असेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी आणि पाकिटावरच्या मात्रेत चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी कामाला येते. एप्सम मीठ तिथे काहीच करत नाही.

टरफलांचंही मातीप्रमाणे बघावं लागतं. टरफल म्हणजे जवळपास सगळी चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत, अगदी पीठ करून घातलं, तर हळूहळू थोडा उपयोग होईल. घाटावरच्या चुनखडीच्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की टरफलं घाला असं त्या निरोपात आहे. तो डाग बहुतेक वेळा कधी कोरडं, कधी चिंब अशा पाण्यामुळे पडतो, कारण तेव्हा मातीतलं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी सुधारा, पुढची फळं चांगली येतील.

वाळलेला पाला कचऱ्यात टाका, या नियमाने माझा जीव तुटतो. फाल्गुनात कडुनिंब, पिंपळ, जंगली बदाम यांचा पाला पोत्यांनी पडतो आणि सोसायट्या तो गोळा करून पेटवतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, 5,000 रुपये दंड ठेवला, तरी धूर दिसतोच. आणि बरोबर दोन महिन्यांनी, वैशाखात, आपल्याला आच्छादनासाठी तोच पाला हवा असतो! कुंडीत तीन बोटं पाला पसरला की माती तापत नाही, पाणी टिकतं, आणि पावसाळा सरेपर्यंत तो कुजून खत होतो. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतीतल्या चळवळीतून पालापाचोळ्याची कसदार माती करायला कितीतरी लोकांना शिकवलं. ते सगळं एका निरोपासरशी पुसून टाकायचं का? अपवाद एकच. गुलाबावर काळे ठिपके पडले असतील तर ती पानं मात्र वेचून बागेबाहेर काढा.

दुपारच्या पाण्याबद्दल निरोप अर्धा बरोबर आहे. सकाळी घातलेलं पाणी कमी उडून जातं, म्हणून सकाळ चांगली. पण थेंबांची भिंगं? हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं, तेव्हा गुळगुळीत पानं थेंबांनी भाजत नाहीत असं दिसलं. दाट लव असलेल्या पानावर थेंब अधांतरी अडकला तरच तसं होऊ शकतं. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी माती कोरडी ठणठणीत असेल तर झाडाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवू नका. फक्त पाइपातलं तापलेलं पाणी आधी बादलीत सोडून द्या.

राहिला मथळा, ‘वर्षभर हिरवीगार’. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटला, तरच तो चैत्र-वैशाखात ओंजळीने फुलतो. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. शेवंतीचे शेंडे पावसाळ्यात खुडायचे, ती फुलते दिवस लहान झाल्यावर. त्या-त्या काळात ही झाडं ओकीबोकी दिसतात, आणि ती तशीच दिसायला हवीत.

काकूंच्या मोगऱ्याच्या वरच्या चार फांद्या हिरव्या होत्या. पावसाळी हवा होती म्हणून लगेच लावल्या, त्यातल्या दोन रुजल्या. कुंडी विटांवर आहे, तळाला खापरी, वर निंबाचा पाला. काकू रोज सकाळी येतात, पाला बाजूला सारतात, बोट खुपसतात आणि बहुतेक दिवशी भरलेली झारी घेऊन परत जातात.