खोकला नाही, मग किडनीचं काय?

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग भयंकर चित्राने आणि इशाऱ्याने भरलेला असतो. ओढणारा म्हणतो, "मला कुठे खोकला आहे?" आणि पेटवतो. सिगारेट म्हटलं की आपल्याला आठवतं तोंड, घसा, फुप्फुस, फार तर हार्ट. किडनीचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते शुगर आणि बीपीवाल्यांना आधी तेच सांगायला हवं.

एकेका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. धुरातले बाकीचे घटक त्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. शुगरने त्या आधीच खिळखिळ्या झाल्या असतील तर रक्तातलं प्रोटीन लघवीतून आणखी जोरात गळू लागतं. वर तंबाखूतलं कॅडमियम! हा धातू किडनीत एकदा साचला की वर्षानुवर्षं तिथेच. (विडीवाल्यांनी खूश होऊ नये. पानात गुंडाळली म्हणून ती आयुर्वेदिक होत नाही.)

आणि यात दुखत काहीच नाही, हीच गोची. आमचे मामा वर्षानुवर्षं "क्रिएटिनिन नॉर्मल आहे रे" म्हणून रिपोर्ट नाचवायचे. अहो, क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, पण किडनीचं निम्मं काम गेलं तरी तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. लघवीतून गळणाऱ्या प्रोटीनची, म्हणजे अल्ब्युमिनची, तपासणी (एसीआर) करायला त्यांना कुणी सांगितलंच नाही. सगळं खापर मी सिगारेटवर फोडणार नाही, शुगरही होतीच. पण आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की मोबाइल व्हायब्रेटवर असावा तशी थरथर लागते.

सेंटरबाहेरच्या टपरीवर पेशंटचे नातेवाईक सुट्टी सिगारेट ओढत उभे असतात. सुट्ट्या विक्रीला २०२० पासून राज्यात बंदी आहे म्हणे! सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीटच येत नाही, मग तो इशारा वाचणार कुठून?

"आता सोडून काय उपयोग?" असं मामाही म्हणायचे. उपयोग आहे. आजार सुरू झाल्यावर सोडली तरी किडनीची घसरण मंदावू शकते. ट्रान्सप्लांट करायचं असेल तर डॉक्टर आधी सिगारेट सोडायला लावतात, कारण नवी किडनीही त्याच धुराने लवकर खराब होऊ शकते.

सोडायला मदत हवी असेल तर पाकिटावरच नंबर असतो, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. आणि शुगर-बीपी असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे एसीआरची चिठ्ठी मागून घ्या.