घरात कोण आजारी आहे?

सोलापुरात डब्यातलं सूप विकत घ्यायचं तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवावी, हे मला काल संध्याकाळी समजलं.

दुकान विजापूर रोडवरचं, नाव सांगत नाही. बँकेतून सुटायला उशीर झाला होता, गड्ड्याच्या जत्रेमुळे होम मैदानाकडचे रस्ते तुंबले होते आणि नळाला पाणी थेट परवा येणार होतं. टोमॅटो सूपचा एक डबा उचलला आणि बिलाच्या रांगेत उभी राहिले. माझा गुन्हा एवढाच.

मागे एक काका होते. पांढरा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला कानटोपी. आमच्याकडे थंडी पडते संक्रांतीच्या आगेमागे, तीही जेमतेम, पण कानटोप्या दिवाळीपासूनच बाहेर असतात. वर्षातले बाकीचे महिने उन्हात भाजून निघालेल्या माणसाला तेवढी हौस असायचीच.

“काय घेतलाव अक्का?”

“सूप.”

विषय इथं संपायला हरकत नव्हती. पण काकांनी डबा घेतला. मी दिला नव्हता, तरी तो त्यांच्या हातात होता. देवळाबाहेर नारळ घेताना हलवतात तसा त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला.

“पाणी हाय आत.”

“सूप आहे, काका.”

“तेच की ओ. घरात कोण आजारी हाय?”

“कोणी नाही.”

“मग?”

आता याला काय सांगणार? रांगेतली दोन डोकी वळली. काकांनी खिशातून चष्मा काढला, स्वेटरला पुसला आणि कोर्टातला कागद वाचावा अशा आवाजात डब्यावरचं वाचायला घेतलं. “पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत चांगलं राहतंय म्हणे. म्हंजे आतलं टमाटं कधी मेलं असंल?” रांग हसली. बिल करणारा पोरगाही हसला. त्याच दुकानाचा पगार खातो तो, तरी हसला.

मग मी काकांच्या बास्केटात डोकावले. त्यात काय असावं? कडक भाकरीची पाकिटं आणि शेंगा चटणी, तीही पाकिटातली. पुण्याला मुलाकडे चालली होती म्हणे. मी म्हटलं, “काका, ही भाकरी कधी भाजलेली?”

“ती भाकरी हाय,” काका म्हणाले. “भाकरीला वय नसतंय.”

काय बोलणार! अख्खं सोलापूर आपली चटणी आणि भाकरी पाकिटात घालून गावोगाव पाठवतं. पुण्या-मुंबईची पोरं हॉस्टेलवर त्यावर महिने काढतात आणि त्याचं आपल्याला कौतुक. ज्वारी वाळवून, कडक करून टिकवली की ती परंपरा. टोमॅटो उकळून पत्र्याच्या डब्यात टिकवला की घरात कोणीतरी आजारी.

काकांचं समाधान काही झालं नव्हतं. त्यांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला. “अगं ऐकलीस का, हितं एक अक्का हायत. डब्यातलं सार घेऊन चालल्यात.” आता माझं सूप त्यांच्या घरापर्यंत पोचलं होतं. पलीकडून कुकरची शिट्टी आली आणि मग काकूंचा आवाज. “नुसतं पिऊ नका म्हणावं. पचपचीत लागतंय. तुपात जिरं, लसूण, कढीपत्ता घालून वरनं फोडणी द्या. आंबट झालं तर गुळाचा खडा टाका.”

“ऐकलाव?” काका विजयी मुद्रेने म्हणाले.

“आणि अहो,” फोनमधून काकू म्हणाल्या, “केवढ्याला पडलं ते? किती जणांना पुरतंय? आपल्यालाबी एक आणा की.”

स्पीकर बंद करायचं बटण काकांना सापडेना.

त्या काकूंसाठी मी कालचा अर्धा राग सोडून दिला. उरलेला अर्धा अजून आहे. माझ्या पुढे एक तरुण उभा होता, त्याच्या बास्केटात नूडल्सची पाकिटं रचून ठेवलेली होती. त्याला कोणी विचारलं नाही घरात कोण आजारी आहे म्हणून. पुरुषाने पाकीट फोडलं की ‘बिचारा, करून घेतोय’ आणि बाईने डबा उचलला की सगळ्या रांगेला तिच्या संसाराची काळजी. आठ तास लोकांच्या नोटा मोजून आलेल्या बाईने टोमॅटो उकडावेत, सोलावेत, गाळावेत आणि चार भांडी खरकटी करावीत, तीही नळाला पाणी नसताना. उजनी भरलं की पेपरात फोटो येतो, ते पाणी आमच्या नळाला मात्र दिवसांचं अंतर ठेवून भेटायला येतं. डब्यातलं सूप म्हणजे एक पातेलं. हे गणित रांगेत समजावून सांगायची सोय नसते.

घरी आले, तर डब्याची कडी ओढताच तुटून हातात आली. झाकण जागच्या जागी. ओपनर आमच्याकडे नाही, कोणाकडेच नसतो. याचाही एक इतिहास आहे. अन्न हवाबंद करून उकळत्या पाण्यात तापवलं की टिकतं, हे फ्रान्समधल्या निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने दाखवून दिलं आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. तो काचेच्या बाटल्या वापरायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. आणि तो डबा उघडायचं हत्यार? ते आलं १८५० नंतर. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होते. मी स्क्रू ड्रायव्हर आणि खलबत्त्यातला बत्ता घेतला. सासूबाई हॉलमधून म्हणाल्या, “फरशी फुटंल बघ.”

सूप निघालं ते लापशीसारखं घट्ट. लेबलावर लिहिलंय, डब्याएवढंच पाणी घाला. हाही एका माणसाचा उद्योग. १८९७ साली अमेरिकेत जॉन डॉरन्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने सूपमधलं पाणी कमी केलं, डबे लहान झाले, वाहतूक स्वस्त झाली आणि कंपनीचं भलं झालं. ग्राहकाने घरचं पाणी घालायचं. सोलापूर त्याच्या डोळ्यांसमोर नसणार.

मी निम्मं पाणी आणि निम्मं दुपारचं वरण घातलं. सांगते का ते. या डब्यांत मीठ सढळ असतं. लेबलावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि इथं लोणचं-पापड वेगळे. तेव्हा वरून मीठ चिमूटभरही नको. बिनमिठाचं शिजवलेलं वरण किंवा कुस्करलेला बटाटा घातला की खारटपणा मरतो, सूपला अंगही येतं. आमचं वरण मिठाचं होतं. सासूबाईंच्या हातचं वरण बिनमिठाचं कसं असेल? म्हणून मग बटाटाही घातला.

फोडणी काकूंची, शब्दन् शब्द. लसूण चिरून नाही, ठेचून. तुपात तो नुसता सोनेरी होऊ द्यायचा, काळा झाला की सगळं सूप कडू. कढीपत्ता तडतडला तशी ती फोडणी चर्रकन सूपवर ओतली आणि घरभर वास सुटला. डब्यातल्या सूपची खोड हीच, त्याला वास म्हणून नसतो. चव असते, पण आत कोंडून राहून तिने तोंड पाडलेलं असतं. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावरच. उकळत्यात पिळलं तर वास उडतो आणि नुसता आंबटपणा उरतो. साय घालायची असेल तर तीही शेवटी, आच बंद करून, ढवळत ढवळत, आणि मग लिंबाला सुट्टी. टोमॅटोच्या आंबटात दूध-साय उकळली की फाटते, मग घरचे विचारतात यात पनीर का टाकलंस.

पण खरी कमाल केली ती आपल्या गावच्या मालाने. शेंगा चटणी, कुटून तेल सुटलेली, वाटीत वाढल्यावर वरून चमचाभर. ढवळायची नाही. ती हळूहळू बुडते आणि तांबडा तवंग सोडते, आमटीच्या कटासारखा. आणि कडक भाकरी हाताने मोडून, बोटाच्या पेराएवढे तुकडे. हॉटेलात सूपवर पावाचे तळलेले तुकडे टाकतात ते दोन मिनिटांत लोळागोळा होतात. ही भाकरी वाटी संपेपर्यंत कुरकुरते. मक्याच्या सूपमध्ये हिरवी मिरची-आलं ठेचून घाला, मश्रूमच्यात मिरं. भाकरी सगळ्यांत चालते.

कानटोपीवाल्या काकांच्या बास्केटात हे दोन्ही होतं. सांगितलं असतं त्यांनी, तर त्यांचं काय गेलं असतं? पण नाही, त्यांना टमाट्याच्या मरणाची तारीख काढायची होती.

नवऱ्याने दोन वाट्या प्यायलं. मग म्हणाला, “छान झालंय. पण आई कोकमाचं सार करायची ना…” त्याची आई शेजारीच बसून भाकरी मोडत होती. तिने मान वर केली नाही. तिला ठाऊक आहे, ते सार तिने करायचं सोडून बरीच वर्षं झाली आणि त्या काळात तिलाही त्यासाठी कोणी शाबासकी दिली नव्हती.

एकच पातेलं खरकटं झालं. मी खुशीत होते. आज सकाळी ओट्यावर बघते तर तो सूपचा डबा घासून, पुसून, लख्ख करून उपडा ठेवलेला. पिंपातलं चांगलं तांब्या-दीड तांब्या पाणी त्यावर गेलेलं. आई, कशाला धुतलात म्हटलं, तर म्हणाल्या, “फेकतेस की काय? ज्वारी मापायला चांगला हाय. अजून एक आण, जोडी होईल.”