फी माफ आहे म्हणे, मग हे १८०० कसले?

विकास निधी! कुणाचा विकास? काल शहापूरकडच्या एका ज्युनियर कॉलेजात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या भाचीच्या अकरावीच्या ॲडमिशनला गेले होते, पोरगी पाड्यावरची, दहावीला मार्क चांगले, आणि मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे हे काय आजचं नाही. तरी खिडकीतला क्लार्क मान वर न करता म्हणतो फी नाहीच, फक्त विकास निधी, आयकार्ड आणि इतर मिळून १८०० भरा. पावती? नंतर मिळेल. पोरीचा बाप पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढायला लागला, मी म्हटलं दादा थांबा, आणि साहेब, तुम्ही जीआर दाखवा. तर मलाच म्हणतो, "मॅडम, ह्या लोकांना सगळंच फुकट लागतं." बापासमोर! पोरीसमोर! ती बिचारी माझा हात ओढून म्हणते ताई जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू. अगं पुढच्या वर्षी तुझं लग्न लावून मोकळे होतील! त्या माणसालाही हे पक्कं माहीत आहे, रोज बघतो तो. प्राचार्यांकडे जाऊन म्हटलं लेखी द्या, तर रक्कम एकदम गायब. रांगेत आमच्या पुढे असलेल्या बापांनी मुकाट भरलेल्या पैशांचं काय?

डोकं अजून शांत होत नाहीये. १९९२ साली पहिली ते चौथीच्या गरीब मुलींसाठी सरकारने हजेरीचा भत्ता सुरू केला, दिवसाला १ रुपया, आणि तीस वर्षांनीही तो १ रुपयाच! त्यात पेन्सिल तरी येते का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, पण तो सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवी झाली की पोरगी वाऱ्यावर. पाड्यावरची शाळा तर चौथीलाच संपते. आणि दिवाळीनंतर आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले की धाकट्याला सांभाळायला शाळेतून कोण काढली जाते? पोरगीच.

वर आमच्या ठाण्यातल्या लिफ्टमध्ये ऐकवतात, "एवढं मोफत देऊनही शिकत नाहीत." अहो, ज्या भातसाचं पाणी ठाण्याला येतं ते धरण शहापूर तालुक्यातच आहे, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो नि पोरी वर्ग बुडवून हंडे वाहतात. आपल्याकडे दोन तास नळ गेला तर ग्रुपवर केवढी बोंबाबोंब!

आणि एसटीचा पास. मुलींना बारावीपर्यंत फुकट, छान, पण पाड्यापर्यंत गाडी येते कुठे? मेन रोडपर्यंत पायपीट, पावसात ओढा भरला की तीही बंद, आणि संध्याकाळची गाडी रद्द झाली की घरचे म्हणणारच नको ते कॉलेज. सोमवारी डेपोत जाऊन वेळापत्रक मागणार आहे, तेही लेखी. बघू काय उत्तर देतात.