‘कार्टूनांनी देश घडत नाही’ : गिरगावकरांना उत्तर

गिरगावकर, नमस्कार.

‘देश चळवळींनी घडतो, कार्टूनांनी नाही. सुपरहिरो हा निव्वळ धंदा, मुलं मोठी झाली की विसरतात,’ असं तुम्ही लिहिलंत. धंदा आहे, मान्यच. पण विकायला छापलेलं चित्र देशाची ओळख घडवत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

तुमच्याच गिरगावात १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला, तो लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं विकायलाच. शिळाछापामुळे, म्हणजे दगडावरून छपाई केल्यामुळे, ती स्वस्त झाली आणि ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतींवर लागली. आज लक्ष्मी म्हटलं की मुंबईत काय नि चेन्नईत काय, जवळपास एकच रूप डोळ्यांपुढे येतं. त्यात या व्यापाराचा वाटा फार मोठा आहे.

अमेरिकी कॉमिक्समधला सुपरहिरो कॅप्टन अमेरिका घ्या. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो. अंक बाजारात आला १९४० च्या अखेरीस. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. त्याला घडवणाऱ्या जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी देशाचा शत्रू कोण हे सरकारच्या आधी सांगून टाकलं. त्यांना धमक्याही आल्या. नुसत्या करमणुकीला कोण कशाला धमकावेल?

माझी खरी काळजी निराळी आहे. १९६७ साली मुंबईत सुरू झालेल्या अमर चित्र कथा या कॉमिक्समालेने इंग्रजी शाळांतल्या पिढ्यांना पुराणं आणि इतिहास दिला. तिचे जनक अनंत पै यांचं ते ऋण मी मनापासून मानतो. पण त्याच पानांवर कित्येकदा असुर काळेकभिन्न आणि नायक उजळ असत. ते वाचणाऱ्या सावळ्या मुलीने स्वतःला कुठे शोधायचं? मोठेपणी हे विसरलं जातं म्हणता, मग लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ अजून कशी टिकून आहे? दोष एकट्या कॉमिक्सचा नाही, पण त्यांचा हातभार नाकारता येणार नाही.

आणि चळवळ एकीकडे, चित्र दुसरीकडे, असं खरंच वाटत असेल तर ६ डिसेंबरला दादरला या. चैत्यभूमीकडे जाताना पुस्तकांच्या शेजारी बाबासाहेबांच्या तसबिरी आणि कॅलेंडरं मांडलेली दिसतील. निळा कोट, हातात संविधान. हे रूप लोकांनी आपलं मानलं, पदरमोड करून घरोघर नेलं. हा देश आमचाही आहे, हे त्या भिंतीवरून रोज सांगितलं जातं. ती तसबीर बाजूला ठेवून ही चळवळ कशी सांगाल, ते जरूर लिहा.